विद्यापीठाकडून काय मागावे : संशोधनाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचे तुझे पत्र पोचले. वाचून फार आनंद झाला. विद्यापीठाकडून आता आपल्याला नेमके काय मिळणार, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते, कारण संशोधक विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कितीतरी सोयी त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. पदव्युत्तर पदवीपर्यंत वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षेच्या तारखा हे सगळे आपल्याकडे आपोआप येत असते. संशोधनात तसे होत नाही. प्रशिक्षणाचे वर्ग, परिषदांसाठी प्रवासखर्च, सांख्यिकी सल्ला, ग्रंथपालांची मदत, समुपदेशन हे सारे विद्यापीठात कुठे ना कुठे असते. परंतु त्याची चौकशी करणे, अर्ज करणे आणि पाठपुरावा करणे हे काम विद्यार्थ्याचे असते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की मागायला शीक, लवकर माग आणि लेखी माग.

सुरुवात नियमावलीपासून कर. संशोधन पदवीचे नियम बहुतेक विद्यार्थी प्रबंध सादर करण्याच्या वेळी उघडतात, आणि तोवर एखादी मुदत टळून गेलेली असते. नोंदणी कायम करण्यासाठी काय द्यावे लागते, प्रगती अहवाल किती महिन्यांनी आणि कोणासमोर मांडायचा, विषयात बदल करायचा झाल्यास कोणाची परवानगी लागते, आजारपण किंवा बाळंतपण आले तर नोंदणी काही काळ थांबवता येते का, आणि त्या काळात अधिछात्रवृत्तीचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे पहिल्या महिन्यातच तुझ्या वहीत असायला हवीत. नियम कळत नसेल तर विभागातल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारण्यापेक्षा संशोधन कक्षाला पत्र पाठवून उत्तर घे. ऐकीव माहितीवर घेतलेले निर्णय पुढे महागात पडतात.

आता मार्गदर्शकांविषयी. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण प्रबंधाचे बरेवाईट मोठ्या प्रमाणात या नात्यावर ठरते. डॉक्टरेट शिक्षणासंबंधी २००५ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग येथे युरोपीय विद्यापीठांनी जी तत्त्वे मांडली, त्यांत विद्यार्थी, मार्गदर्शक आणि संस्था यांच्या जबाबदाऱ्या स्पष्टपणे ठरवून त्या तिघांनी वाटून घ्याव्यात, असे एक तत्त्व आहे. मला ते फार महत्त्वाचे वाटते. मार्गदर्शकांनी मसुदा किती दिवसांत वाचून द्यावा, भेट दर आठवड्याला असावी की पंधरवड्याला, परगावी असताना संपर्क कसा ठेवायचा, हे पहिल्याच काही भेटींत मोकळेपणाने बोलून घे. असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल अशी भीती आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना वाटते. पण नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने चांगल्या मार्गदर्शकांना बरेच वाटते, कारण त्यांनाही आपल्या कामाचे नियोजन करायचे असते.

प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार-पाच ओळींची ई-मेल पाठवायची सवय लाव. ती साधारण अशी असावी : 'आज ठरले ते असे. पूर्वसंशोधनाचा आढावा २०१० नंतरच्या अभ्यासांपुरता मर्यादित ठेवायचा. प्रश्नावलीचा सुधारित मसुदा मी १५ तारखेपर्यंत देईन. त्यावर आपला अभिप्राय महिनाअखेरीस मिळेल. नमुन्याच्या आकाराबद्दल मी सांख्यिकी विभागात सल्ला घेईन. काही चुकले असल्यास कृपया कळवावे.' एवढ्याने गैरसमज त्याच आठवड्यात उघड होतात, आणि दोन वर्षांनी एखादे प्रकरण वगळण्याचा निर्णय कोणी आणि का घेतला, याची नोंद तुझ्याकडे राहते. सल्लागार समितीपुढे प्रगती मांडतानाही याच नोंदी कामी येतात. ही समिती म्हणजे निव्वळ औपचारिकता आहे असे मानू नकोस. मार्गदर्शकांच्या पद्धतीपेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करणारा एखादा सदस्य समितीत असेल, तर अहवालाची वेळ येण्याआधीच त्यांच्याकडे एक नेमका प्रश्न घेऊन जा. मतभेद झालेच, तर बोलायला विभागप्रमुख असतात आणि बहुतेक ठिकाणी तक्रार निवारणाची व्यवस्थाही असते. मात्र तिथे जाण्यापूर्वी मार्गदर्शकांशी एकदा शांतपणे बोलून पाहिलेले असावे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान होते ते वेळ चुकल्यामुळे. आधी माहिती गोळा करून ठेवायची आणि विश्लेषणाची वेळ आली की सांख्यिकीतज्ज्ञ शोधायचा, ही रीत सर्वत्र दिसते. ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात सांख्यिकीच्या परिषदेत बोलताना सांगितले होते की, प्रयोग संपल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगण्यासारखे आहे. प्रयोग कशाने दगावला एवढेच तो कदाचित सांगू शकेल. एक उदाहरण देते. ३० व्यक्तींचा रक्तदाब प्रत्येकी चार वेळा मोजला, तर तक्त्यात १२० ओळी दिसतात. पण एकाच व्यक्तीच्या चार मोजण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, म्हणून त्यांना १२० स्वतंत्र नोंदी मानून चाचणी लावली की नसलेला फरकही ठळक दिसू लागतो. जाणकाराबरोबर अर्धा तास बसलीस तर ही गोष्ट मोजणी सुरू होण्याआधीच कळते, आणि त्यानुसार आराखडा बदलता येतो. तुझे संशोधन मुलाखतींवर किंवा कागदपत्रांवर आधारलेले असले तरी हेच लागू आहे. मुलाखतींचे संकेतन, म्हणजे उत्तरांना विषयवार खुणा देणे, कसे करायचे, दप्तरखान्यातल्या कागदांच्या नोंदी कशा ठेवायच्या, याचे शिक्षण क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी घ्यायचे असते. माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर नैतिकता समितीची मान्यताही आधीच हवी, कारण काम झाल्यावर ती मागील तारखेने मिळत नाही.

ग्रंथालयाकडे पुस्तके देणारी खिडकी म्हणून पाहू नकोस. तिथले ग्रंथपाल शोधशब्दांची जुळणी, नियतकालिकांच्या सूची, संदर्भ व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर आणि आंतरग्रंथालयीन देवघेव या गोष्टी रोज हाताळतात. झोटेरोसारखे विनामूल्य साधन पहिल्याच आठवड्यात शिकून घे आणि वाचलेला प्रत्येक निबंध त्यात नोंदव. तीनशे संदर्भांची यादी शेवटी हाताने जुळवण्यात जे आठवडे जातात ते वाचतील. त्याच सुमारास ऑर्किडचा (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र १६ अंकी ओळख क्रमांक काढून ठेव. तोही विनामूल्य आहे, आणि लग्नानंतर आडनाव बदलले किंवा नावाच्या आद्याक्षरांत फरक पडला तरी तुझे सर्व लेखन एकाच व्यक्तीच्या नावे राहते. माहितीच्या प्रतींबद्दल एकच सांगते : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी.

प्रकाशनाच्या बाबतीत विद्यार्थ्यांवर दडपण फार असते, आणि त्याचाच फायदा घेणारी नियतकालिके ई-मेलच्या पेटीत रोज येऊन पडतात. आठ दिवसांत स्वीकृतीचे आश्वासन, पैशांची घाई आणि विषयाशी संबंध नसलेले संपादक मंडळ दिसले की तो निबंध तिथे पाठवू नकोस. आपल्या क्षेत्रातले जाणकार त्या नियतकालिकात लिहितात का, समीक्षणाची पद्धत उघडपणे दिली आहे का, हे ग्रंथपालांसोबत बसून तपास. लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम हा आणखी एक नाजूक विषय आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक ठरण्यासाठी चार अटी घातल्या आहेत : संकल्पनेत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात आशयाची सुधारणा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. या चारही पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ निधी मिळवून दिला किंवा प्रयोगशाळा वापरू दिली म्हणून कोणी लेखक होत नाही. त्यांचे आभार मानावेत. तुझा विषय वैद्यकीय नसला तरी लेखन सुरू होण्यापूर्वी या अटी समोर ठेवून सहकाऱ्यांशी बोललीस तर पुढचा कडवटपणा टळेल.

संधींचे म्हणशील तर त्यांची यादी मी देत नाही, कारण ती दरवर्षी बदलते. परिषदेच्या प्रवासखर्चासाठी विद्यापीठ, आयोजक आणि तुझ्या विषयाची व्यावसायिक संघटना अशा तीन दारांवर जाता येते, आणि विद्यार्थी सदस्यांसाठी राखून ठेवलेल्या निधीकडे पुरेसे अर्ज येत नाहीत अशी वेळही येते. परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत किंवा ग्रंथसंग्रहात काही महिने काम करायचे असेल तर तयारीला किमान एक वर्ष हाती ठेव. निमंत्रणपत्र, मार्गदर्शकांची शिफारस आणि रजेची मंजुरी यांनाच निम्मा वेळ लागतो. आपले काम थोडक्यात सांगण्याचा सरावही कर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली. एकच स्थिर चित्र आणि तीन मिनिटे, एवढीच मुभा असते. तुझ्या विद्यापीठात ही स्पर्धा होत नसेल तर विभागातल्या चार विद्यार्थ्यांना जमवून स्वतःच भरव. आपल्या प्रश्नाचे महत्त्व दुसऱ्या विषयाच्या माणसाला सांगता आले नाही, तर ते आपल्यालाही पुरते उमगलेले नसते, असे मला अनेक विद्यार्थ्यांचे सादरीकरण ऐकताना जाणवले आहे.

शिकवण्याची संधी मिळाली तर जरूर घे, मात्र आठवड्याचे किती तास द्यायचे ते आधी ठरवून घे. पीएच.डी.नंतर प्राध्यापकीच मिळेल असे धरून चालू नकोस. अनेक देशांत डॉक्टरेट मिळवणाऱ्यांपैकी बरेच जण उद्योग, शासन, प्रकाशन, सामाजिक संस्था अशा क्षेत्रांत जातात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. करिअर मार्गदर्शन केंद्रात शेवटच्या वर्षी गर्दी होते. तू दुसऱ्या वर्षीच जा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. संशोधनाची काही वर्षे एकटेपणाची असतात. झोप उडणे, वाचलेले डोक्यात न शिरणे, मार्गदर्शकांची ई-मेल उघडायची भीती वाटणे, असे दोन-तीन आठवडे चालू राहिले तर त्याला आळस समजून स्वतःला दोष देत बसू नकोस. विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जा, ते नसतील तर डॉक्टरांकडे जा, आणि गरज पडली तर नोंदणी काही काळ थांबवण्याचा अर्ज कर. तो नियम त्यासाठीच केलेला असतो. दर आठवड्याला भेटून एकमेकांचे लेखन वाचणारा तीन-चार जणांचा गटही या काळात फार आधार देतो. तो कोणी तयार करून देण्याची वाट न पाहता तूच जमव.

पुढच्या महिन्यात मला लिहिशील तेव्हा नियमावली वाचून पडलेले प्रश्न, मार्गदर्शकांशी ठरलेले भेटींचे वेळापत्रक आणि या वर्षी तुला करावेसे वाटणारे दोन प्रशिक्षण वर्ग कळव. आराखडाही सोबत जोडलास तर मी वाचून सूचना पाठवीन.

कळावे,
तुझी हितचिंतक