अनुप्रस्थ आणि अनुतरंग: ‘अनु’ कुणाच्या मागे?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी अकरावीत, हिंदी माध्यमात. तिच्या पुस्तकात ‘अनुप्रस्थ तरंग’ आहेत, पुण्याच्या मावसबहिणीच्या पुस्तकात ‘अनुतरंग’. दोन्ही एकच ना? आणि तलावावरच्या लाटा कुठल्या प्रकारातल्या?

ताई, एकच नाहीत, एकमेकांच्या उलट आहेत! अनुप्रस्थात माध्यमाचे कण तरंगाच्या वाटेला काटकोनात हलतात, अनुतरंगात त्या वाटेवरच मागेपुढे. तंबोऱ्याच्या छेडलेल्या तारेवर पहिला प्रकार, आणि तिथून हवेतून कानापर्यंत येणारा सूर हा दुसरा. हिंदीत या दुसऱ्याला अनुदैर्घ्य म्हणतात. घ्य, ध्य नव्हे. दीर्घवरून दैर्घ्य. इथल्या कितीतरी गाइडांत ‘अनुदैर्ध्य’ छापतात आणि पोरं तेच घोकतात.

त्याहून वाईट म्हणजे ‘अनु म्हणजे आडवा’ हे शिकवण्यांमधून सर्रास सांगितलं जातं. ऐकलं की डोकं फिरतं. अनु म्हणजे मागून, धरून. आडवेपणा आहे तो ‘प्रस्थ’मध्ये, म्हणजे रुंदीत. अनुप्रस्थ म्हणजे रुंदी धरून, अनुदैर्घ्य म्हणजे लांबी धरून, अनुतरंग म्हणजे तरंगाची वाट धरून. अनु तिन्हीकडे तोच आहे, तो कुणाचा हात धरतो ते बघायचं.

अनुयायी, अनुकरण वगैरे सोडा, ‘अनुकूल’ बघा. कूल म्हणजे नदीचा काठ. काठाकाठाने जातं ते अनुकूल, उलट जातं ते प्रतिकूल. ओंकारेश्वराहून निघालेला परकम्मावासी, म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणारा, नर्मदा न ओलांडता काठ धरून चालतो, तो शब्दशः अनुकूल चालतो. आणि ‘तरंग’ याच्या नेमका उलट! मूळ धातू तॄ, तरून जाणं, पार होणं. तीर्थ, तारू, अवतार ही त्याचीच भावंडं. तरंग म्हणजे पार जाणारा. माझं ठाम मत आहे की हा शब्द घडवणाऱ्याने पाण्याकडे नीट पाहिलं होतं. पार जातो तो तरंग. पाणी जागच्या जागी हलून राहतं. शाळेत तरंगांच्या धड्यात पहिल्या पानावर हेच तर शिकवतात.

म्हणूनच आपल्या मराठी परिभाषाकारांशी माझं भांडण आहे. अनुतरंगाला जोडी हवी म्हणून त्यांनी आडव्या तरंगाला ‘अवतरंग’ केलं. अव म्हणजे खाली: अवनती, अवरोह, अवतरण. त्याच तॄ धातूला अव लावला की होतो उतरणं. मग अवतरंग म्हणजे उतरणारा तरंग? प्रकाशाचं कंपन वाटेला काटकोनातल्या कुठल्याही दिशेत असू शकतं, तिथे खाली कुठलं आणि वर कुठलं? ‘आता रूढ झालाय’ असं अवतरंगाचे कैवारी म्हणतात. रूढ झाल्याने चुकीचं नाव बरोबर होत नाही. अनुप्रस्थ हिंदीने वापरला म्हणून तो परका ठरत नाही, संस्कृतच आहे. मराठीने सरळ घ्यावा.

नावात दिशा हवी, कारण सगळं त्या दिशेवरच ठरतं. 1897च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत भूशास्त्रज्ञ ओल्डहॅमने हे दोन तरंग वेगळे ओळखले. अनुतरंग आधी पोहोचतात, अनुप्रस्थ मागाहून. द्रव दाबाला विरोध करतो, पण त्याचे थर एकमेकांवरून सरकवले तर परत ओढून घेत नाही, म्हणून अनुप्रस्थ तरंग त्यातून जात नाहीत. भूकंपाचे अनुप्रस्थ तरंग पृथ्वीच्या गाभ्यातून पलीकडे पोहोचत नाहीत; त्याचा बाहेरचा भाग द्रव आहे हे कळलं ते यावरूनच.

हां, तलाव राहिला. सिरपूरला पाण्यावर पडलेलं वाळकं पान बघा. लाट आली की ते वर उचललं जातं, माथ्यावर किंचित पुढे सरकतं, खाली उतरतं, दोन माथ्यांमधल्या खळग्यात मागे येतं. जवळजवळ गोलच फिरतं. म्हणजे आडवी हालचालही आहे आणि वाट धरूनही आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने दिशा नाही, आकार पाहिला: भंग, तरंग, ऊर्मी, वीची ही लाटेचीच नावं, आणि मोठ्या त्या उल्लोल, कल्लोल. त्या हिशोबात सिरपूरची लाट पहिल्या चारांत बसेल. मुलीने मात्र पेपरात ‘दोन्हींचं मिश्रण’ असं लिहावं आणि पानाची आकृती काढावी.