विसरण्याची वही

"मॅडम, माझंही आईसारखंच होणार का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या काकू खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या. वय ५९, शाळेतून निवृत्त. आईला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता, आणि तिचं सगळं यांनीच केलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पिशवीतून त्यांनी शंभर पानी वही काढली. तारीखवार नोंदी, शिक्षिकेच्या सुवाच्य अक्षरात. 'गॅस बंद केला का, आठवेना.' 'खालच्या मजल्यावरच्या बाईंचं नाव सुचलं नाही.' 'सून म्हणते, बुधवारचं सांगितलं होतं. मला पत्ताच नाही.' उपायही चालू होते: भिजवलेले बदाम, ब्राह्मीच्या गोळ्या, रोज सुडोकू.

'सांगितलं होतं म्हणतात' याच नोंदी सर्वांत जास्त होत्या. आणि बहुतेक संध्याकाळच्या. कुकर शिट्ट्या देतोय, टीव्हीवर मालिका, सांगणारा दुसऱ्या खोलीत. मी पंखा कमी करायला उठले आणि पाठमोरीच विचारलं, "चहा घेणार का?" उत्तर नाही. वळून तेच विचारलं, तर लगेच, "नको, आत्ताच झाला."

कानापर्यंत धड पोचलंच नाही, ते मेंदू साठवणार कुठून? अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच त्याची शक्ती जाते. शिवाय माणूस हळूहळू माणसांपासून तुटत जातो. काकूंनी भिशी सोडली होती, का, तर "तिथे सगळ्या एकदम बोलतात." 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आपल्याला बदलता येण्यासारखे १४ घटक दिले आहेत. मध्यमवयात ऐकू कमी येणं हा त्यातला एक मोठा घटक. एकटेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, बैठं जगणं, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल हेही त्यात आहेत. सुडोकू न सोडवणं मात्र त्या यादीत नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

आईचं म्हणाल, तर आई-वडिलांपैकी कुणाला असेल तर धोका काहीसा वाढतो, पण होईलच असं नाही.

फिजिशियन आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येतंय, आणि बी-१२ जीवनसत्त्वही बरंच खाली. शाकाहारी घरात हे सर्रास आढळतं. त्यानेही विसराळूपणा येतो आणि वेळेत उपचार केले तर सुधारूही शकतो. त्या मानाने बी-१२ चा प्रश्न सोपा होता. श्रवणयंत्रावर घोडं अडलं. "म्हातारी दिसेन हो!" नाकावर जाड भिंगांचा चष्मा, त्याची मात्र लाज नाही. यंत्र लावलं म्हणजे स्मृतिभ्रंश टळलाच, असं मी म्हटलं नाही, कारण तसं सिद्ध झालेलं नाही. म्हटलं, भिशीत परत बसता येईल. तेवढ्यावर त्या तयार झाल्या.

बाकी बदल साधेच. सुनेनं समोर येऊन बोलायचं, बोलताना टीव्ही बंद. रात्री मोबाइल हॉलमध्येच ठेवायचा, कारण एक वाजेपर्यंत रील्स बघून दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. आठवड्याला निदान १५० मिनिटं झपझप चालायचं. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. बदाम चालू ठेवा म्हटलं. ब्राह्मीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगितल्या, रक्तदाबाचं औषध चालू होतं म्हणून.

स्वतःचं विसरणं स्वतःच टिपून ठेवणारे माझ्याकडे बरेच येतात. त्यांनीही तपासण्या कराव्यातच. पण मला जास्त काळजी वाटते ती घरच्यांनी आणलेल्यांची: रोजच्या रस्त्यावर चुकणारे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणारे, पैशांचा हिशेब अचानक न जमणारे, आणि वर "मला काही झालेलं नाही" म्हणणारे. त्यांना मी आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवते, समुपदेशन नंतर.