‘मॅडम, किती धुतलं म्हणजे पुरे?’

दार कोपराने ढकलून त्या आत आल्या. माझ्या खोलीचं दार जरा जड आहे. कोपराने उघडायचं तर अंग तिरकं करून जोर लावावा लागतो, पण त्यांना सवय दिसली. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पर्स मांडीवर. “टेबलावर ठेवा की,” म्हटलं तर “नको, असू दे.” चहा नको. पाणी विचारलं तर स्वतःची बाटली दाखवली. मग पर्सवर ठेवलेले हात मला दिसले. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून तडकलेली, अंगठ्याच्या बेचक्यात लाल भेगा. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या बायकांचे हात पावसाळ्यात असे होतात. ह्या तर बँकेत कॅशियर.

“मॅडम, एकच विचारायचंय. बाहेरून आल्यावर किती धुतलं म्हणजे पुरे?”

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. नुकतं बाळ झालेल्या मुली विचारतात, हॉस्टेलवर राहायला निघालेली पोरं विचारतात, रिटायर झालेले काका विचारतात. बहुतेकांचं पाच मिनिटांत समाधान होतं. ह्यांचं व्हायला आठ महिने लागले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय. नाव कशाला हवं, कॅशियरबाईच म्हणू.

आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला टायफॉइड झाला. आठ दिवस दवाखान्यात, सलाइन, उतरता न उतरणारा ताप. ताप चढायच्या दोनच दिवस आधी स्टेशनबाहेर मुलीने हट्ट केला म्हणून त्यांनी तिला पाणीपुरी खाऊ घातली होती. “मीच पाजलं तिला ते पाणी,” हे वाक्य पहिल्या तासात त्यांनी चार वेळा उच्चारलं.

मुलगी बरी झाली, शाळेत जायला लागली. आईचं मात्र तिथेच अडकलं. डोंबिवलीहून दादरपर्यंत लेडीज डब्यात उभं राहायचं, पण दांडा धरायचा नाही. एकदा गाडीने हिसका दिला आणि त्या थेट दारातल्या बायकांवर पडल्या, तरी नाही. रोजच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी गाडीत भाजी निवडतात, कुणाच्या घरचा प्रसाद फिरतो. तो त्या हातात घ्यायच्या आणि उतरल्यावर कागदात गुंडाळून टाकून द्यायच्या. बँकेत तर हद्द. काउंटरपलीकडचा माणूस बोटाला थुंकी लावून नोटा मोजतो आणि तेच बंडल सरकवतो. दर चार-पाच गिऱ्हाइकांनंतर सॅनिटायझर. घरी आल्यावर नवऱ्याने दार उघडायचं, बाईंनी कशालाही हात न लावता न्हाणीघर गाठायचं, कपडे वेगळ्या बादलीत, आंघोळ, मग साबणाने नळ धुवायचा, नळाला हात लागला म्हणून पुन्हा हात. यात रोजचा दीड तास जायचा. अंगाचा साबण तीन दिवसांत संपायचा.

मुलीलाही हाच नियम. खाली सोसायटीत पोरं शिवाशिवी खेळतात. ते बंद, कारण त्या खेळात दुसरं काही नसतंच, नुसता स्पर्श. पोर गॅलरीच्या ग्रिलला धरून खाली बघत राहायची (नंतर तिचे हात धुतले जायचे, ग्रिल गंजकं म्हणून). आणि संध्याकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आली की लांबूनच विचारायची, “आई, आता शिवू का तुला?”

हे सांगताना कॅशियरबाई रडल्या. माझ्याही घशाशी आलं. ‘शिवू का’ हे शब्द मी माझ्या आजीच्या घरी ऐकलेत, सोवळ्यातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. या शिवाशिवीने आपल्या समाजाला केवढं छळलंय ते सांगायला नको. जंतूंच्या नावाने ती पुन्हा घरात आली तर आपल्याला लवकर ओळखू येत नाही, उलट कौतुक होतं. सुरुवातीचे कित्येक महिने सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, “आमची सून फार टापटिपीची.” दुखणं म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही याचं एक कारण हे कौतुक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कबुली. पहिल्या भेटीत मी चूक केली. त्यांचा अपराधीपणा बघून मला वाटलं, खरी माहिती दिली की ओझं उतरेल. त्यांच्या समोरच मुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, टायफॉइडचे जंतू पोटात गेल्यावर ताप यायला बहुधा आठवडा-दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. दोन दिवसांपूर्वीच्या पाणीपुरीचा दोष असणं अवघड आहे. बाईंचा चेहरा उजळला. मीही खूश.

पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. तापाच्या आधीच्या तीन आठवड्यांत मुलीने कुठे काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कुणाच्या वाढदिवसाला गेली, सगळं आठवून तारखेनिशी लिहिलेलं. एका पाणीपुरीच्या जागी आता एकवीस दिवसांचे संशयित उभे होते. मी धीर दिला असं मला वाटलं होतं, प्रत्यक्षात मी त्यांच्या भीतीला नवं काम लावून दिलं. घरी नवराही तेच करत होता. “झालं ना स्वच्छ?” असं त्या दिवसातून पंचवीस-तीस वेळा विचारायच्या, आणि तो बिचारा “झालं गं, झालं” म्हणायचा. ते ‘झालं’ दहा मिनिटं पुरायचं.

याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. हल्ली ओसीडी म्हणतात, तीच भीती आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. दोनदा हात धुणाऱ्या प्रत्येकाला तो नसतो. पण धुण्यापुसण्यात, तपासण्यात रोज तासाच्या वर वेळ जायला लागला, किंवा त्यापायी नोकरी, घर, मूल यांना झळ बसायला लागली, तर ती नुसती टापटीप राहत नाही. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, त्वचेसाठी मलम लिहून दिलं. भेगा पडलेल्या हातांची गंमत अशी, की कातडी हीच शरीराची भिंत असते. अति धुण्याने तीच फाटली की जंतूंना आयता दरवाजा मिळतो. हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. कडूच, पण हसल्या.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना त्यांच्याच कामाविषयी विचारलं.

“दिवसाअखेर कॅश किती वेळा मोजता?”

“टॅली लागली की संपलं. मग ऑफिसर बघतात, दोघांच्या किल्ल्यांनी तिजोरी बंद.”

“आणि नंतर वाटलं, काही चुकलं असेल, तर?”

“वाटण्याचा काय संबंध, मॅडम? टॅली लागली ना.”

बोलून गेल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

आमचं पुढचं सगळं काम त्या वाक्यावर उभं राहिलं. हात धुण्यालाही टॅली असते. साबण, वाहतं पाणी, तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, साधारण वीस सेकंद. टॅली लागली. त्यानंतर मनाला काय वाटतं तो वेगळा विषय. त्या खात्याचा या खात्याशी संबंध नाही.

मग टॅली कधी लावायची, तेही ठरवलं. इथे मी त्यांना व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइसची गोष्ट सांगितली. 1847 साली तिथल्या प्रसूतिकक्षात बाळंतज्वराने बायका मरत होत्या. शवविच्छेदन करून विद्यार्थी तसेच बाळंतिणी तपासायला येत. सेमेलवाइसने त्यांना मध्ये क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनपर्यंत ते प्रमाण दोनाच्या आसपास आलं. कॅशियरबाईंना आकडे लगेच कळतात. त्यांना दाखवायचं होतं ते हे, की त्याने दिवसभर हात धुवा असं सांगितलं नव्हतं. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना, मधल्या उंबऱ्यावर धुवा म्हणाला.

आपल्या रोजच्या जगण्यातले असे उंबरे मोजकेच आहेत. जेवण्याआधी किंवा स्वयंपाकाला लागण्याआधी. संडासहून आल्यावर. बाहेरून घरी आल्यावर एकदा. नाक शिंकरल्यावर, आजारी माणसाचं काही केल्यावर. लोकलच्या दांड्यावर जंतू असतात, नोटांवरही असतात, खोटं कशाला सांगू. पण तळहाताच्या धडधाकट कातडीतून ते सहसा आत शिरत नाहीत. त्यांना तोंड, नाक, डोळा लागतो. म्हणून दांडा खुशाल धरावा, तो हात तोंडाकडे नेऊ नये. हे सांगणं सोपं आहे. सिडनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं होतं, 2015 साली ते छापून आलं. ती मुलं तासाला सरासरी तेवीस वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होती, तीही उद्याची डॉक्टर! हे वाचल्यावर मी एक दिवस स्वतःवर नजर ठेवली आणि दुपारपर्यंत नाद सोडला. चेहऱ्याला हात लागणारच. म्हणून तर उंबऱ्यावरचं धुणं कामाचं.

सॅनिटायझर नळ नसेल तिथे. त्यात साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल हवं आणि हात वाळेपर्यंत चोळायला हवं. हात मळलेले, तेलकट असतील तर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंना ते नीट मारत नाही, तिथे साबणच. टायफॉइडची भीती असेल तर लक्ष दांड्यावरून काढून पाण्यावर आणि उघड्यावरच्या गार खाण्यावर द्यावं, कारण तो तिथून येतो. लसही असते, ती मुलांच्या डॉक्टरांना विचारावी. आणि खोकला-सर्दीचं म्हणाल तर ते मुख्यतः हवेतून येतं. 2020 मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, कोथिंबीर सोड्यात बुडवली, पेपर बंद केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने सांगितलं, की वस्तूला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी. खिडकी उघडणं जास्त कामाचं होतं. पण धुण्याने हाताला काम मिळतं, खिडकी उघडून तसं वाटत नाही.

एवढं पोस्टकार्डभर लिहून झालं. निव्वळ काळजी करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. कॅशियरबाईंना सगळं पटलं आणि घरी जाऊन त्यांनी पुन्हा दीड तास आंघोळ केली. पटण्याने मंत्रचळ जात नाही, सरावाने हटतो.

सराव पायऱ्यांचा. आधी माझ्या खोलीचं दार तळहाताने उघडायचं आणि तासभर हात तसाच ठेवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तो हात पाखरू धरल्यासारखा मांडीवर अधांतरी धरला होता. मी दर दहा मिनिटांनी विचारत होते, भीती दहापैकी किती? नऊ. नऊ. आठ. सात. चाळीस मिनिटांनी पाच. न धुता ती उतरते हे शरीराने एकदा अनुभवावं लागतं, माझ्या सांगण्यावरून ते मान्य करत नाही. मग लोकलचा दांडा, आधी दोन स्टेशनं, मग ठाण्यापर्यंत, मग दादर. मग घरी आल्यावर एकदा हात धुऊन बाहेरच्या कपड्यांत सोफ्यावर पंधरा मिनिटं. ही पायरी सगळ्यात अवघड गेली, त्यात तीन आठवडे गेले.

नवऱ्यालाही बोलावलं. “झालं ना स्वच्छ?” याला त्याने आता उत्तर द्यायचं नाही. “ठरलंय आपलं,” एवढंच म्हणायचं आणि तिथून उठून न जाता शेजारी बसून राहायचं. पहिल्या आठवड्यात त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. त्याने मला फोन करून विचारलं, “मॅडम, एकदा हो म्हटलं तर काय बिघडतं?” मी म्हटलं, दिवसाला तीस वेळा म्हणून बघितलंत ना?

पावसाळ्यात घसरण झाली. त्यांच्या भागात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढल्याची बातमी आली आणि चार दिवस वेगळी बादली पुन्हा बाहेर पडली. पाचव्या दिवशी त्यांनीच ती उचलून माळ्यावर टाकली. मला हे दोन भेटींनंतर सांगितलं, तेही जाता जाता. घसरण होतेच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं असतं, नाहीतर माणूस पहिल्या पायरीवर जाऊन बसतो. (जवळपास समुपदेशक नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.)

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा पर्स टेबलावर होती. हातांच्या भेगा भरल्या होत्या, खुणा होत्या अजून. चहा घेतला. मग म्हणाल्या, परवाची गंमत सांगते. त्या ऑफिसातून आल्या, गेटमधून आत शिरतात तो सोसायटीत पोरांची शिवाशिवी ऐन रंगात आलेली. कुठून तरी लेक धावत आली, मातीने भरलेला हात त्यांच्या दंडावर फाडकन मारला आणि ओरडली, “आई, तुझ्यावर राज्य!”

“मग?”

“मग काय. पर्स वॉचमनकडे दिली आणि धावले.”

हात कधी धुतले ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.