संस्कृत सोडून मल्टी स्किल घेऊ द्यावं का?

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. नववीपासून संस्कृतऐवजी 'मल्टी स्किल' घेता येईल, असं शाळेने कळवलं आहे. वर्कशॉप, वायरिंग, शेती आणि खाद्यपदार्थ असं सगळं त्यात आहे म्हणे. मुलाला तेच हवंय. बंद पडलेला मिक्सर उघडून बसतो, रविवारची थालीपिठं तोच लावतो. त्याचे बाबा भोसरीला टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवण्याच्या विभागात आहेत. ते म्हणतात, "माझे हात काळे झाले तेवढे पुरे." सासूबाईंना मुलाने स्वयंपाकघरात रमणंच पसंत नाही. संस्कृतमध्ये नव्वदच्या वर मिळतात. ते सोडायचे का?

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी गुणांचं बोलू, कारण खरी धाकधूक तिथेच आहे. आपल्या राज्य मंडळात दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने निघते. सहांपैकी चांगले पाच विषय धरतात, त्यामुळे एका विषयात पाच-सहा गुण इकडेतिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही. शिवाय मल्टी स्किलमध्ये प्रात्यक्षिकाला मोठा वाटा असतो, आणि ज्याचे हात चालतात तो तिथे मागे पडत नाही. संस्कृत त्याला मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसतं 'स्कोअरिंग' म्हणून घेतलेलं संस्कृत दहावीच्या निकालाबरोबर माळ्यावर जातं, हे पुण्यात घरोघरी दिसतं.

या विषयाची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञानातले डॉक्टरेट, मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेले. ते सोडून ते खेड्यात गेले आणि 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शालेय अभ्यासक्रम उभा केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. वेल्डिंग आणि स्वयंपाक एकाच विषयात आले ते उगाच नाही.

तुमच्या मुलाची थालीपिठंच घ्या. आज तो अंदाजाने करतो. शाळेत त्याला वीस जणांसाठी करायला सांगतील. मग भाजणी किती ग्रॅम, पाणी किती, एका थालीपिठाला गॅसचा खर्च किती, एक केवढ्याला पडलं, ही वही त्याला ठेवावी लागेल. इडलीचं पीठ मे महिन्यात लवकर फुगतं आणि डिसेंबरात सकाळपर्यंत तसंच बसून राहतं. ते का, आणि पातेलं कुठे ठेवलं तर फुगेल, हे करून बघणं म्हणजे सूक्ष्मजीव आणि तापमान यांचा धडाच. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर, सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. पुस्तकात हेच वाक्य पाठ केलेला मुलगा शिट्टी का अडकली ते सांगू शकेलच असं नाही.

वर्कशॉपमधल्या डिझाइनचंही तसंच. डिझाइन म्हणजे सुंदर चित्र, असा आपल्याकडे समज आहे. सासूबाईंना बरणीचं घट्ट झाकण उघडताना त्रास होत असेल, तर त्यांचा हात नेमका कुठे अडतो ते बघायचं, कागदावर तीन बाजूंनी आकृती काढायची, आधी पुठ्ठ्याचा नमुना करायचा, फसला तर बदलायचा, मग पत्रा किंवा लाकूड हातात घ्यायचं. त्यांचा विरोध मावळायलाही याचा उपयोग होईल! मुलाने लाटणं धरावं की नाही, हे मात्र सदाशिव पेठेत मेसच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या मुलांना विचारा.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी अंगमेहनत सोसली आहे. पण टूलरूममध्ये ड्रॉइंग न वाचता येणारा पदवीधर आला की काय होतं, हे माझ्यापेक्षा त्यांनाच ठाऊक. घरी त्यांनी मुलाच्या हातात व्हर्निअर (बारीक मोजमापाचं साधन) द्यावा आणि ०.०२ मिलिमीटर म्हणजे काय ते दाखवावं. तेवढं शिकवायला तुम्हाला क्लासची फी भरावी लागणार नाही.

हा विषय घेतला म्हणून तो आचारी किंवा फिटर झालाच, असं नाही. कुठलीच वाट बंद होत नाही. इंजिनिअरिंगसाठी बारावी विज्ञान आणि सीईटीची वाट आहेच. डिझाइनसाठी 'एनआयडी' या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा किंवा आयआयटीची 'यूसीड', हॉटेल मॅनेजमेंटसाठीही बारावीनंतर प्रवेश परीक्षा. त्यासाठी शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे. हे सगळं आत्ता ठरवायची गरज नाही.

मला काळजी आहे ती शाळेची. कार्यानुभवाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी दोघंही शाळेत जा. शिकवणारे निदेशक नेमलेले आहेत का, आठवड्याला किती तास, साहित्याचे पैसे कोण देतं, संस्कृतऐवजी हाच विषय मंडळाकडे नोंदवला जाईल ना, हे विचारा आणि शेवटचं उत्तर लेखी घ्या. वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. ड्रिल मशीनखाली धूळ आहे की ताजा कीस, हे बाबांना एका नजरेत कळेल.

कुलूपच असेल तर संस्कृत राहू द्या. त्याला चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काय उपक्रम आहेत ते बघा, आणि मिक्सर उघडायला बंदी करू नका, फक्त प्लग काढलेला असू द्या. वर्कशॉप खरोखर चालू असेल तर सही करून टाका.