इंजिन माझीचं, माणसं तुझी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात मंडळींना घेऊन सुंदरबनला निघाली आहेस, छान. वाघ दिसेल का, हे तू विचारलं नाहीस. बोट मध्येच बंद पडली तर काय करायचं, हे विचारलंस. त्यावरूनच कळलं, तुझ्यावर माणसं सोपवायला हरकत नाही.

बोट कधीतरी बंद पडतेच. पंख्यात जाळ्याचा तुकडा गुरफटतो, इंजिन गार ठेवायला नदीचं पाणी ओढतात त्या वाटेत गाळ बसतो, डिझेलच्या नळीत हवा शिरते. यातलं बरंचसं तिथले माझी, म्हणजे नावाडी, पाना घेऊन निस्तरतात. त्यांच्या डोक्यावर उभं राहून ‘किती वेळ?’ विचारणारे मात्र प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात, आणि त्यात एखादा रिटायर्ड इंजिनियर असतोच. त्याला चहा वाटायला बसव.

तू इंजिनाचं काही विचारू नकोस. ‘नांगर टाकला का?’ हे विचार. इंजिन थांबलं तरी पाणी वाहतंच असतं, आणि मोकळी बोट कुठल्या वळणावर जाऊन आदळेल याचा भरवसा नाही. मग विचार, पाणी चढतंय की उतरतंय? सुंदरबनातल्या नद्या दोन्हीकडे वाहतात. साधारण सहा तास भरती, सहा तास ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मोठ्या नदीत बंद पडलात तर फारसं बिघडत नाही, नांगरून बसायचं. जनावरं बघायला बोट अरुंद खालात, म्हणजे नदीच्या चिंचोळ्या फाट्यात, शिरते, तिथे खरी गोम आहे. ओहोटी लागलेली असताना तिथे नुसतेच वाट बघत बसलात तर बोट चिखलावर टेकते. त्यानंतर इंजिन सुरू झालं तरी उपयोग शून्य. पाणी परत चढेपर्यंत हलता येत नाही. म्हणून पाणी आहे तोवर, उतरत्या पाण्याबरोबर बांबूने रेटत बोट मोठ्या नदीत काढायची का, हे आधी ठरलं पाहिजे. ठरवायचं माझीने. तू फक्त तो प्रश्न वेळेवर त्याच्या कानावर घाल, कारण तेव्हा तो इंजिनात डोकं घालून बसलेला असतो.

तुझं आजोळ कोकणातलं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब घरात ऐकला असशील. ती वेळ बंगालच्या किनाऱ्याला लागू नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी मात्र तिथेही तसंच. उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जबर असते.

घड्याळाचं आणखी एक. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला साडेतीन म्हणजे भर दुपार वाटते, तिथे तेव्हा हातात जेमतेम दीड तास उजेड असतो. शिवाय सरहद्दीजवळ फोन बांगलादेशचं नेटवर्क पकडून अर्धा तास पुढची वेळ दाखवू शकतो. मनगटी घड्याळ घालून जा.

आता माणसं. बोट थांबली की सगळे वरच्या डेकवर एकाच कठड्याला लोटतात. वाघ दिसला तरी हेच करतात. आधीच वरून जड असलेली बोट त्याने कलते. निम्म्यांना खाली बसव आणि लाइफ जॅकेट अंगावर घालायला लाव, उशाला घ्यायला नको. काठावर कुणी उतरायचं नाही, ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणणाऱ्यानेसुद्धा नाही. तिथे गुडघाभर चिखल, त्यातून वर आलेली टोकदार श्वासमुळं, खाऱ्या पाण्यातल्या मगरी. आणि वाघ पट्टीचा पोहणारा आहे. नदीचं पाणी खारट, त्यामुळे प्यायचं पाणी आणि मधुमेहवाल्यांचं खाणं दिवसभर पुरून उरेल एवढं बोटीवर असू दे. ‘पाच मिनिटांत सुरू होईल’ असं कुणालाही सांगू नकोस. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा सांगते’ म्हण, आणि अर्ध्या तासाने खरंच सांग. लोक अंधाराला घाबरतात त्याहून जास्त थापांना वैतागतात.

गोदखालीच्या धक्क्यावर सकाळी बोटीत चढण्याआधी नांगर आणि त्याचा दोर बघून घे. दोर कुजका असेल तर तिथेच बदलून माग. जादा बेल्ट आणि फिल्टर आहेत का, बोट अडली तर ओढून न्यायला कोण येईल, हेही तिथेच विचारायचं. वनखात्याचा गाइड बोटीवर असतोच. अडचणीत तो कुणाला कळवतो, हे त्याच्याकडून समजून घे. त्याला बोलतं करायला थोडा वेळ लागतो, सोबत शंकरपाळे ने.

तारखा अजून हलवता येत असतील तर पंचांग उघड आणि अष्टमीच्या आसपासच्या बघ. बोटीचा मालक कुरकुर करेल, करू दे. आणि त्या मालकाचा नंबर तुझ्याकडे आहेच, पण जो माझी बोट चालवणार त्याचा माग. तो ‘लागेल तेव्हा देतो’ म्हणून टोलवेल, आगाऊ रक्कम देण्याआधीच घे.

तुझा,
काका