अरबी येत नसलेल्या घरात अरबीचा अभ्यास कसा घ्यायचा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एप्रिलमध्ये नाशिकहून दुबईला आलात, मुलगा सीबीएसई शाळेत थेट चौथीत बसला, वर्गातली बाकीची मुलं पहिलीपासून अरबी शिकतायत आणि ह्याला अलिफ कशाशी खातात तेही माहीत नाही. घरात कुणालाच अरबी येत नाही. तर शिकवणी लावायची की घरी जमेल? आणि नववीनंतर विषय सुटणारच आहे तर एवढा जीव का काढायचा?

घरी जमतं. मी शारजात दोन्ही मुलांचं पहिलीपासून घरीच घेतलं, पुढे इमारतीतल्या बऱ्याच मुलांचंही बघून दिलं. आधी एक समजून घ्या. इथल्या खाजगी शाळांत अरब मुलांचं अरबी वेगळं असतं आणि आपल्या मुलांचं वेगळं. त्यांना ते बारावीपर्यंत आहे, आपल्याला नववीपर्यंत. त्यामुळे शेजारच्या सीरियन मुलाचं पुस्तक बघून घाबरू नका, ते आपलं नाहीच.

आज त्याची वही उघडून बघा. अरबी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिलेला असेल तर ते सगळं खोडून टाका. बहुतेक मुलांचं घोडं इथेच अडतं. उच्चार वर लिहिलेला असला की डोळा खाली जातच नाही. वर्षभर धडे ‘वाचून’ झाले तरी अक्षरओळख शून्य राहते, आणि परीक्षेत ती वरची ओळ नसते. मग पेपर कोरा. मराठीत लिहून दिलंत तरी तेच होणार. तलवारीला अरबीत सैफ म्हणतात आणि उन्हाळ्यालाही सैफ. आपण लिहिणार दोन्ही सारखंच, पण त्यांच्याकडे पहिला ‘सीन’ या अक्षरानं लिहितात, दुसरा ‘साद’ या अक्षरानं. साद जड आहे, तो म्हणताना जीभ मागे ओढली जाते आणि पुढचा स्वरही जाड ऐकू येतो. हा फरक कानानंच पकडावा लागतो. क़ल्ब म्हणजे काळीज, कल्ब म्हणजे कुत्रा. हे मुलांना फार आवडतं आणि एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

आता अक्षरं. २८ आहेत, पण २८ आकार नाहीत. बा, ता, सा यांचं अंग एकच: एकाला खाली एक नुक्ता, म्हणजे ठिपका, दुसऱ्याला वर दोन, तिसऱ्याला वर तीन. जीम, हा, खा यांचंही तसंच. दाल-ज़ाल, रा-ज़ाय, सीन-शीन अशा जोड्या आहेत. तक्त्यावरून अलिफपासून क्रमानं पाठ करून घेऊ नका, घराणी लावून शिकवा, आठवड्याला दोन-तीन घराणी पुरेत.

खरी अडचण जोडाक्षरांची, म्हणजे शब्दात अक्षर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं त्याची. माझी पद्धत सांगते. सहा अक्षरं अशी आहेत की ती पुढच्याला हात देत नाहीत: अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव. फक्त त्यांचेच शब्द आधी घ्या. ‘दार’ लिहायला सांगा: दाल, अलिफ, रा, तिन्ही सुटे. (अर्थ घर. दाराला ते ‘बाब’ म्हणतात, त्यावर एकदा हसून घेऊ द्या.) मग ‘वर्द’ म्हणजे गुलाबाची फुलं, तोही सुटाच. हे दोन लिहिता आले की मुलाला वाटतं, अरे, येतंय की. मग ‘बाब’. पहिला बा अलिफला जोडला जातो आणि आखूड होतो. अलिफ पुढे जोडत नाही, म्हणून शेवटचा बा सुटा, पूर्ण, वाटीसारखा राहतो. एकाच अक्षराची दोन रूपं एकाच शब्दात दिसतात. त्यानंतर ‘बैत’. यात बा, या, ता तिन्ही जोडलेले. मधल्या ‘या’चा नुसता एक दात उरतो आणि त्याच्या खाली दोन नुक्ते. या शब्दापर्यंत पोरगं पोचलं की लिपीचं भय गेलं म्हणून समजा. लिहिताना पेन्सिलच द्या, शाईनं उजव्या हातानं उजवीकडून लिहिलं की ओळ पुसली जाऊन तळवा काळा होतो. डावखुरा असेल तर त्याची चैन आहे.

पुस्तक वाचता येतं पण फळा वाचता येत नाही, अशी तक्रार पुढे येईल. मुलाला रागावू नका. हातानं भरभर लिहिताना बरेच शिक्षक रुक्आ वळणानं लिहितात. त्यात दोन नुक्त्यांची एक आडवी रेघ होते, सीनचे दात सपाट होतात. बाई इजिप्तच्या असतील तर शेवटच्या ‘या’चे नुक्तेही गाळतील, आणि जीमचा उच्चार ‘ग’ करतील. जमील ऐवजी गमील ऐकू येईल. दोन्ही बरोबर आहेत एवढं मुलाला सांगा.

व्याकरणाला मात्र इंग्रजी बाजूला ठेवून चक्क मराठीतून बसा. वर्गात इंग्रजीतून समजावतात आणि इंग्रजीत या गोष्टी नाहीतच, म्हणून मुलं गडबडतात. तो लिहितो, ती लिहिते, तू लिहितोस, तू लिहितेस: यक्तुबु, तक्तुबु, तक्तुबु, तक्तुबीन. मुलाशी आणि मुलीशी बोलताना क्रियापद बदलतं हे मराठी पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. ‘ही माझी आई’ला ‘हाज़िही उम्मी’, तिथे ‘आहे’ शोधायची गरज नाही. ‘हा’साठी हाज़ा, ‘ही’साठी हाज़िही. नपुंसकलिंग नाही, तेवढी सुटका. द्विवचन आहे, एक किताब, दोन किताबान, आणि अनेकवचन कुतुब. तुम्ही शाळेत संस्कृत घेतलं असेल तर द्विवचनाला हसाल. कुतुबसारखी आतून मोडणारी अनेकवचनं मात्र पाठच करावी लागतात, त्यावर उपाय नाही.

गूगल ट्रान्सलेटवरून गृहपाठ अजिबात नको. त्यातल्या मजकुराला हरकती, म्हणजे फत्हा, कसरा, दम्मा ही स्वरचिन्हं, नसतात. मग स्वतः लिहून आणलेलं वाक्यही मुलाला वाचता येत नाही.

दुबईत राहून अरबी आपोआप येईल ही आशा सोडा. किराणावाला मल्याळी, टॅक्सीवाला पठाण, वर्गात सगळे हिंदी-इंग्रजी. जे काही अरबी कानावर पडेल तेही बोलीतलं, आणि पुस्तक फुस्हाचं, म्हणजे प्रमाण भाषेचं. म्हणून कानापेक्षा डोळ्याला काम द्या. फ्रीजमधल्या डब्यांची अरबी बाजू पुढे करून ठेवा. दुधावर ‘हलीब’, ताकावर ‘लबन’. (इजिप्तच्या बाई दुधालाच लबन म्हणतील, तेव्हा वाद नको.) नोटांवरचे आकडे वाचून घ्या. आपल्या शून्यासारखा दिसतो तो त्यांचा पाच, त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. सुरुवातीला मुलं हमखास फसतात.

आपल्या रत्नागिरीकडच्या मुस्लिम कुटुंबांतली मुलं कुराण वाचायला शिकलेली असतात, ती फाडफाड वाचतात. तुमचा मुलगा त्यांच्याशी तुलना करून हिरमुसेल. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना अर्थ माहीत नसतो, त्यांचं काम तिथून सुरू होतं. एकत्र बसवा, हा त्यांच्याकडून वाचन घेईल.

शिकवणीचं म्हणाल तर पहिली सहामाही नकोच. अक्षरांना माणूस नाही, रोजची पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ती तुम्हालाच द्यावी लागतील. सातवी-आठवीत निबंध आणि उतारे सुरू झाले की लावा. नववीचं म्हणाल, तर ते पाच वर्षं लांब आहे. तोवर दर सहामाहीला प्रगतिपुस्तकावर हा विषय दिसणार आणि वर्गात तो रोज मान खाली घालून बसणार, त्याचा विचार करा.

उद्या शाळेत अरबीच्या बाईंना भेटा आणि पुढच्या इम्ल्याचे, म्हणजे श्रुतलेखनाचे, शब्द हरकतींसह लिहून मागा. जमलं तर तेच शब्द त्यांच्या आवाजात फोनवर घ्या. बऱ्याच जणी आनंदानं देतात, पालक विचारायलाच जात नाहीत.