फायनल फँटसी ८ : लेव्हलच्या मागे लागू नकोस

'फायनल फँटसी ७' हा व्हिडिओ गेम संपवून १९९९ च्या 'आठ'ला हात घालतोयस ना, मग आधी एक सवय सोड: दिसेल त्याला मारत लेव्हल वाढवत बसणं. इथे बहुतेक शत्रूंची लेव्हल तुझ्या पार्टीबरोबरच वाढते. नुसतीच हमाली.

खरी ताकद जंक्शनमध्ये, म्हणजे मॅजिक पात्राच्या स्टॅटला (एचपी, ताकद वगैरे आकड्यांना) जोडण्यात आहे. मॅजिक वापरायचं कमी, साठवून स्टॅटला जोडायचं जास्त. पण एकेका मॅजिकचे १०० भरेपर्यंत ड्रॉ-ड्रॉ (शत्रूकडून मॅजिक ओढून घेणं) करत बसू नकोस, जाम कंटाळा येतो (कित्येक जण इथेच गेम सोडून मोकळे होतात). त्यापेक्षा डॉलेट शहराच्या टॉवरवर एल्व्होरेट या बॉसकडून सायरन ही गार्डियन फोर्स (लढाईत मदतीला बोलावता येणारी शक्ती) ड्रॉ कर आणि तिला एल मॅग-आरएफ (वस्तूंपासून बरं करणारं मॅजिक बनवायची क्षमता) शिकव. मग एका टेंटचे १० क्युरागा होतात. १० टेंट विकत घेतलेस की १०० क्युरागा तयार! ते क्वेझाकोटल या दुसऱ्या गार्डियन फोर्सच्या एचपी-जे क्षमतेने एचपीला (प्राणशक्तीला) जोड. सुरुवातीचे बॉस तुझं फारसं वाकडं करू शकणार नाहीत.

हेडमास्तर सिडने दिलेला मॅजिकल लॅम्प सेव्ह केल्याशिवाय वापरू नकोस, आत डायब्लोस हा बॉस बसलाय. त्याच्यावर ब्लाइंड (आंधळं करणारं मॅजिक) टाक, अर्धं काम तिथेच होतं. जिंकलास की तोही तुझी गार्डियन फोर्स होतो, त्याला आधी एन्क-हाफ शिकव. वाटेतल्या लढाया निम्म्यावर येतात.

उरलेल्या लढायांत क्वेझाकोटलची कार्ड कमांड वापर. शत्रूचं कार्ड झालं की एपी (क्षमता शिकायचे गुण) मिळतात, पण एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. शिवाय गेममधले पत्ते खेळायला कार्डं जमतात ती वेगळीच. तो पत्त्यांचा खेळ टाळू नकोस हं. कथेचं म्हणशील तर शेवटाकडे ती जरा भरकटते, असं माझं मत.